नागसेनने पंचेचाळीसवर आणलं होतं

नागसेन गजभिये हा माणूस गिझर उघडण्याआधी घरात कोण कोण राहतं ते विचारायचा. माझा आणि त्याचा पहिला खटका तिथूनच उडाला.

"लहान लेकरू आहे का जी घरात? म्हातारं माणूस? शुगरचं कोणी?"

मी म्हटलं, "अरे, तू गिझर पाहायला आलास की जनगणनेला?"

तो हसला नाही. खांद्यावरची पिशवी खाली ठेवत म्हणाला, "विचारा लागते काकाजी. पाणी किती गरम ठेवाचं हे गिझरले थोडी समजते, घरचे माणसं पाहूनच ठरवा लागते."

मी कृष्णकांत. सरकारी कचेरीत पस्तीस वर्षं काढून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. मनीषनगरच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मी आणि माझी बायको सुमती, दोघंच राहतो. मुलगा केयूर हैदराबादला असतो. आयुष्यभर मी लोकांना टेबलापलीकडे उभं करून प्रश्न विचारले, त्यामुळे कुणी मला प्रश्न विचारले की माझं डोकं फिरतं. हे मी कौतुकाने सांगत नाही. या लेखात कौतुकाचं जे काही आहे ते नागसेनचं आहे. माझ्या वाट्याचं जे आहे ते सांगायला मला तीन महिने लागले.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. नागपुरात त्या आठवड्यात थंडी आठ अंशांवर आली होती आणि आमचा गिझर मधेच बंद पडायचा. इमारतीत सगळे नागसेनलाच बोलवत. वय चाळिशीच्या आत, अंगाने सडपातळ, बोलणं हळू. राहायला इंदोऱ्याला. त्याचे वडील आनंदराव लकडगंजात आरा मशीनवर होते. उजव्या हाताची दोन बोटं तिथेच गेली, आणि त्या दिवसापासून त्यांचा एकच हेका होता, की पोरगा लाकडाच्या कामात जाणार नाही. पोराने आयटीआय केलं, मग काही वर्षं मौद्याच्या वीज केंद्रात एका ठेकेदाराकडे काम केलं. तिथे म्हणे कुठल्याही झडपेला हात लावायचा तर आधी तिच्यावर पाटी लटकवावी लागते, कोणी लावला, कधी लावला, काय केलं. ती सवय त्याच्या अंगात इतकी मुरली की घरगुती गिझरलाही तो पाटी लावायचा. काम झालं की गिझरच्या पोटावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर निळ्या पेनाने तापमानाचा आकडा, तारीख आणि 'ना. ग.' अशी सही. आमच्या इमारतीतल्या कितीतरी न्हाणीघरांत त्या पट्ट्या होत्या. लोक गमतीने म्हणत, नागसेनने गिझरला कुंकू लावलं.

सुमतीला त्याचे प्रश्न आवडले. ती न्हाणीघराच्या दाराशी येऊन म्हणाली, "मला शुगर आहे रे. चौदा वर्षं झाली."

"पायाले समजते का काकू? का सुन्न पडते?"

"सुन्नच म्हण. परवा भाजी घेऊन आले तर एका पायात चप्पलच नव्हती. कुठे निसटली, पत्ता नाही. खालच्या वॉचमनने आणून दिली."

मी तिथेच उभा होतो. हे मला माहीत नव्हतं. चौदा वर्षं तिच्या गोळ्या मी आणतोय, पण तिच्या पायातली चप्पल निसटते आणि तिला कळत नाही, ही बातमी मला एका मेकॅनिकमुळे मिळाली. खरं तर मला तिथेच लाज वाटायला हवी होती. मला राग आला. ही बाई बाहेरच्या माणसाला घरातलं सगळं सांगत बसते, असं वाटलं.

नागसेनने मेन स्विच बंद केला, खालचं झाकण उघडलं. आत एक छोटी चकती असते, तिच्यात स्क्रू ड्रायव्हरची चीर असते, वर एक काटा आणि भोवती आकडे. ती फिरवली की पाणी किती तापून बंद होणार ते ठरतं. खराब झालेला भाग बदलून त्याने ती चकती आधी शेवटपर्यंत फिरवली. पाणी तापवून वेळेवर बंद होतंय का ते पाहिलं, लांब दांडीच्या थर्मामीटरने मोजलं, मग पुन्हा स्विच बंद करून चकती मागे आणली. ही त्याची प्रत्येक घरची पद्धत. तो हे करत असताना मी दारात उभा राहून सतत बोलत होतो.

"किती ठेवून राहिला?"

"पंचेचाळीस, काकाजी."

"पंचेचाळीस? थंडीत? त्याने माझ्या दाढीचंही पाणी व्हायचं नाही. आधीचा माणूस पंचाहत्तरवर ठेवून गेला होता. एकदा तापलं की दोघांच्या बादल्या भरायच्या."

"दुसऱ्या घरी पन्नास ठेवतो. इथं काकूचे पाय पाहून पंचेचाळीस केलं. साठच्या वर पाणी गेलं का पाच सेकंदात कातडं जाते. सत्तरवर त एक सेकंद. तुम्ही आम्ही पाय वढून घेऊ. काकूले समजलंच नाही त वढतीन कशा?"

मी म्हटलं, "आमच्या घरात विसण घालतात. कोणी उकळतं पाणी अंगावर घेत नाही."

आता हे विसणाचं सांगायला हवं. आमच्याकडे बादलीत आधी गरम पाणी सोडायचं आणि मग त्यात थंड पाणी घालून ते सोसेल इतकं करायचं, ही पिढ्यांची रीत. चुलीवर पितळेचा मोठा गुंड ठेवून पाणी तापायचं तेव्हापासूनची. गिझर आले, रीत तीच राहिली. म्हणून घरोघरी पुरुषांना पाणी कढत हवं असतं, कारण जितकं कढत तितकं विसण जास्त, आणि जितकं विसण जास्त तितक्या बादल्या.

नागसेन म्हणाला, "तेच त उलटं आहे जी. आधी थंडं घ्या, मंग गरम. विसण घालाच्या आधी मग्गा पायावर गेला का झालं." मग तो सुमतीकडे वळला. "अन् काकू, तुमाले आता विसण घालाचंच काम नाही. वाका नका, दुसरी बादली उचला नका. उद्यापासून नळाचं पाणी सरळ घ्या. फक्त आधी कोपर लावून पाहत जा."

सुमती इतकी खूष झाली की तिने त्याला चहाबरोबर तिळाची वडी दिली. तो पट्टी चिकटवून गेला. ४५, तारीख, ना. ग.

संध्याकाळी पाच वाजता मी नळ सोडून हात धरला. पाणी छान ऊन होतं, पण मला ते कोमटच वाटायचं होतं, म्हणून कोमट वाटलं. हा कोण मला सांगणार, माझ्या घरात, माझ्या बायकोसमोर, की पाणी किती गरम असावं? सुमती खाली तिच्या मैत्रिणींत बसली होती. मी स्टूल घेतलं, मेन स्विच बंद केला, नागसेनने केलं तसंच झाकण उघडलं आणि चकती पार टोकापर्यंत फिरवली. झाकण पुन्हा लावलं. पट्टी जागच्या जागी होती. मला अगदी फाइल जिंकल्यासारखं वाटलं.

सुमतीला सांगायचं ठरवलं होतं. मग विचार केला, सांगितलं तर ती म्हणेल, पुन्हा पंचेचाळीसवर आणा. सकाळी चहाच्या वेळी सांगू. ती विसण घालतेच, घाई काय आहे. "उद्यापासून सरळ घ्या" हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. पण मेकॅनिकचं बोलणं माझ्या लेखी बोलणंच नव्हतं.

सुमती पहाटे साडेपाचला न्हाते, चहाच्या आधीच. पहिला मग्गा पायांवर, हीही आपली रीतच. तिने विसण न घालता बादली सरळ नळाखाली भरली, चौरंगावर बसून पाच-सहा मग्गे पायांवर ओतले आणि वज्रीने टाचा घासल्या. थंडीत न्हाणीघरात वाफ असतेच, तिला काही वेगळं वाटलं नाही. मग तिने बादलीत हात घातला आणि ओरडली. मी धावत गेलो. ती आपला हात धरून बसली होती, म्हणत होती, "अहो, हात भाजला." मी खाली पाहिलं. वज्रीला कातडी लागलेली होती. तिला अजून पायांचं काही माहीतच नव्हतं. मी तिला सांगितलं नाही.

धंतोलीतल्या एका दवाखान्यात तिला ठेवलं. डॉक्टरांनी विचारलं, पाणी किती गरम होतं. मी म्हटलं, माहीत नाही. संध्याकाळच्या विमानाने केयूर आला, आईचे पाय पाहून दवाखान्याच्या जिन्यात रडला आणि मग त्याने मला विचारलं, "बाबा, गिझर कोणी पाहिला होता?"

मी म्हटलं, "नागसेनने. कालच."

दोन शब्द. दोन्ही खरे. माझ्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत इतकं सफाईदार टिपण मी लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी केयूरने नागसेनला घरी बोलावलं. नागसेनने थर्मामीटर नळाखाली धरला. बहात्तर. त्याचा चेहरा उतरला. झाकण उघडलं, चकती टोकाला. बाहेर पट्टीवर त्याच्याच अक्षरात ४५. केयूर ओरडत होता, "हे काय लिहिलंय? वर आईला सांगून गेलास विसण घालू नको!" नागसेन चकतीकडे पाहत राहिला. मग त्याने माझ्याकडे मान वळवली. आवाजात संशय नव्हता, नुसती विचारणा होती.

"काकाजी, तुम्ही त नाही न हात लावला?"

"मी? मला काय कळतं त्यातलं."

"हो," तो म्हणाला. "तुम्ही कायले लावसान." आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "वापस आणाचंच राहिलं वाटते. तुम्ही बोलून राहिले होते, माह्यं ध्यान गेलं असन."

केयूरने इमारतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळं लिहिलं, पट्टीच्या फोटोसकट. तासाभरात पन्नासएक उत्तरं आली. एकाने लिहिलं, 'अशा लोकांना घरात घेताना नीट चौकशी करावी.' अशा म्हणजे कशा, हे कोणी विचारलं नाही. इंदोरा, गजभिये, नागसेन, सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. दवाखान्याच्या बाकावर बसून मी ते वाचलं आणि त्यावर पसंतीचा अंगठा दिला. होय, मी त्या ओळीला अंगठा दिला.

नागसेन दवाखान्यात आला तो तिसऱ्या दिवशी. सुमतीच्या मांडीची कातडी काढून पायाला लावायचं ठरलं होतं. तो खाटेच्या पायथ्याशी फरशीवर बसला, पट्ट्यांत गुंडाळलेल्या तिच्या पायांना हात न लावता तिथेच डोकं टेकवलं आणि म्हणाला, "काकू, माह्या हातून झालं. मले माफ करा."

सुमती म्हणाली, "ऊठ रे. चूक माणसाच्याच हातून होते. तू कोपर लावायला सांगितलं होतंस, मीच विसरले."

मी शेजारच्या स्टुलावर होतो. मोसंबी सोलत होतो. मी सोलतच राहिलो.

त्यानंतर तो एक दिवसाआड यायचा. त्याची बायको भावना मऊ भाताचा डबा पाठवायची. डाव्या पायाची करंगळी काढावी लागली त्या दिवशी तो ऑपरेशनच्या खोलीबाहेर माझ्यासोबत बसून होता. मला म्हणाला, "चहा घेता का काकाजी?" आणि मी त्याने आणलेला चहा प्यायलो.

जानेवारीच्या शेवटी एकदा तो आला तो फारच खचलेला दिसला. आपण होऊनच सांगू लागला. सुमतीचं झाल्यापासून तो त्या वर्षी काम केलेल्या प्रत्येक घरी पुन्हा जात होता. एकेचाळीस घरं. प्रत्येक दारात सांगायचं, की मनीषनगरात माझ्या हातून चूक झाली, एक बाई भाजली, तुमचं पुन्हा तपासू द्या.

"सहा घरी तसंच निघालं काकाजी. पट्टीवर पन्नास अन् काटा टोकाले. सगळ्यायले विचारलं, कोणी हात लावला का? सगळे नाही म्हणते. आता सात-सात घरचे शिकले-सवरले लोकं खोटं बोलतीन का? म्हणजे माह्याच हाताचं काही बिघडलं. ध्यान नाही राहत मले. पोरगी विचारते, बाबा तुम्ही विसरभोळे झाले का? मंग मी पाण्याचा नळ बंद केला का नाही तेही चारदा पाहतो."

मला त्याच क्षणी कळलं. त्या सहाही घरांत एकेक कृष्णकांत होता. स्टूल घेऊन चढलेला, चकती फिरवून उतरलेला आणि नंतर साळसूदपणे उभा राहिलेला. सात जणांनी आपापली लहानशी लबाडी केली होती आणि तिच्या वजनाखाली एका माणसाचा स्वतःच्या हातावरचा विश्वास चिरडला होता. हे जगात फक्त मला दिसत होतं. मी काय बोललो? मी म्हटलं, "होतं असं कधी कधी. विश्रांती घे." असं बोलणाऱ्या माणसाच्या तोंडात खरं तर किडे पडायला हवेत.

मार्च उजाडला. सुमती घरी आली, वॉकर धरून चालू लागली. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घ्यावा असं तिच्या मनात आलं, म्हणून तिने नागसेनला फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

"आता मी काम सोडलं काकू," तो म्हणाला. मागे मोठा कर्कश आवाज चालू होता. "लकडगंजात लागलो. फळ्या उचलाच्या अन् रचाच्या. इथं आकडा नाही, काटा नाही. विसरलो तरी कोणाचं काही जळत नाही."

"अरे, पण तुझे वडील..."

"बाबा बोलत नाही माह्याशी."

सुमतीने फोन ठेवला. डोळ्यांना पदर लावला. "माझ्या पायांपायी त्या पोराचं वाटोळं झालं," ती म्हणाली.

तेव्हा मी सांगितलं. धैर्य वगैरे काही नव्हतं. ती स्वतःला दोष देत होती आणि ते मला ऐकवेना, इतकंच. मी जमिनीकडे पाहत म्हटलं, "नागसेनने पंचेचाळीसवर आणलं होतं. मी संध्याकाळी चढून पुढे नेलं."

मला वाटलं, ती पायांबद्दल बोलेल. करंगळीबद्दल बोलेल.

ती म्हणाली, "त्याने माझ्या पायाशी डोकं टेकवलं, तेव्हा तुम्ही तिथेच होता."

मी म्हटलं, "हो."

"मोसंबी सोलत होता."

"हो."

"ऑटो बोलवा. मी पण येते."

मी म्हटलं, तुला जिना उतरवणार नाही. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. वॉकर घेऊन ती दारात जाऊन उभी राहिली. दोन मजले उतरायला आम्हाला अर्धा तास लागला आणि त्या अर्ध्या तासात तिने माझा हात एकदाही धरला नाही. कठडा धरला.

इंदोऱ्यात त्याचं घर गल्लीच्या आत होतं. तो नुकताच कामावरून आलेला, केसांत लाकडाचा भुसा. सुमतीला पाहून तो धावला, भावनाने खुर्ची दिली, पाय ठेवायला पाट दिला. कोपऱ्यात खाटेवर आनंदराव बसले होते, दोन बोटं नसलेला हात मांडीवर. मी उभाच होतो. कोणी बसा म्हणायच्या आत बोललो नाही तर पुन्हा बोलणार नाही, हे मला माहीत होतं.

"नागसेन, तू काटा मागे आणला होतास. मी तुझ्यामागे झाकण उघडून तो टोकाला नेला. केयूरला सांगितलं नाही. तुला खोटं बोललो."

त्याला आधी समजलंच नाही. "म्हणजे मी पंचेचाळीसवर आणलं होतं?"

"हो."

"पक्कं? तुम्ही पाह्यलं?"

"मी उघडलं तेव्हा पंचेचाळीसवर होता. माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

"पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं. त्याने तिसऱ्यांदा सांगायला लावलं, या वेळी खाटेकडे बोट करून. "बाबाले सांगा." मी आनंदरावांना सांगितलं. मग तो वळला. "भावना, मी आणलं होतं वं," तो म्हणाला, "मी विसरलो नव्हतो." आणि मटकन खाली बसून रडू लागला. तीन महिन्यांनी ओझं उतरल्यावर हमाल बसावा तसा बसला होता.

मी पुढे होऊन वाकलो. त्याने पाय मागे घेतले.

"नका पडू जी पाया. त्यानं काय होते?" त्याने डोळे पुसले. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात राग होता, पण तोही मोजून-मापून. "मी एकेचाळीस घरी जाऊन सांगितलं, माह्या हातून एक बाई भाजली. त्या सगळ्या घरी आता तुम्ही जा. ग्रुपवर लिहा. अन् ते सहा घरं आहेत, त्यायलेही विचारा."

आनंदराव तेवढ्यात एकच वाक्य बोलले. "पायीच जा," ते म्हणाले.

ग्रुपवर त्या रात्री मी सगळं लिहिलं. केयूरचा फोन आला. "बाबा, हे ग्रुपवर कशाला? त्याला खाजगीत सांगून मिटवता आलं असतं." मी म्हटलं, "तू खाजगीत लिहिलं नव्हतंस आणि मी तुला अडवलं नव्हतं." पन्नासएक उत्तरं आधी आली होती, आता चार आली. 'अशा लोकांना' लिहिणाऱ्याने हात जोडल्याचं चित्र टाकलं.

मग मी घरं घेतली. नागसेनच्या वहीतून पत्ते उतरवून घेतले होते. मनीषनगर, बेसा, पलीकडे मानेवाडा. एप्रिलचं ऊन, पायी. दार उघडायचं, मी नाव सांगायचो आणि म्हणायचो, "नागसेनने तुम्हाला सांगितलं होतं की चूक त्याची होती. ती माझी होती." लोक गडबडून जात. काही पाणी विचारत. एक बाई म्हणाली, "पण तो तर स्वतःच कबूल झाला होता." तिला दारात उभं राहून पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं, मोसंबीसकट. एकेचाळीस घरं सोपी गेली असं नाही. पण त्यांतल्या त्या सहा घरांत मी आत जाऊन बसायचो आणि विचारायचो, "नागसेन गेल्यावर काटा कोणी वाढवला?"

त्या सहांतले तिघे कबूल झाले. एका निवृत्त प्राध्यापकांनी तर बायको आत गेल्यावर कुजबुजत सांगितलं, "अहो, गुडघ्यांना शेक बसायचा." मी म्हटलं, हे मला सांगू नका. त्यांचाच फोन घेऊन मी नागसेनचा नंबर लावला आणि हातात दिला. चौथा चिडला, मला बाहेर काढलं आणि दोन दिवसांनी स्वतःच नागसेनला फोन केला. दोघे शेवटपर्यंत नाहीच म्हणाले. त्यांच्यावर रागवायचा हक्क मला नाही.

मेअखेर नागसेनने लकडगंजचं काम सोडलं. पुन्हा पिशवी घेऊन फिरतो, घरात कोण कोण आहे ते विचारतो, पट्टी लावतो. आता झाकणाच्या स्क्रूवरही एक पट्टी लावतो, उघडलं तर फाटेल अशी. इमारतीतल्या बहुतेक घरी येतो. समोरच्या फ्लॅटमध्येही येऊन गेला.

आमच्याकडे येत नाही. दांडा दुसऱ्याने बसवला, गिझरची चकतीही त्यानेच मागे आणली. नागसेन दर रविवारी सकाळी सुमतीला फोन करतो, पायाचं विचारतो, जखम भरली का, जोडे मऊ आहेत का. कधी कधी तिचा फोन मी उचलतो.

"काकूले द्या," तो म्हणतो.

मी फोन देतो.